पाडायच्या आधी एवढं करा

प्रति,
सन्माननीय सदस्य,
सिटी काउन्सिल, सॅन डिएगो



स्पोर्ट्स अरीनाच्या जागी नवं अरीना आणि चार हजारांवर घरं बांधायची योजना तुम्ही हाती घेतली आहे. माझा तिला विरोध नाही. इमारत १९६६ची, आता थकली आहे. आणि घरांची टंचाई काय असते हे इथे भाडं भरणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण पहिली भिंत पडण्याआधी इथे खेळलेल्या सॉकर्स संघाच्या आठवणींचं काय करणार, एवढं सांगा.

१९८२ ते १९९२ या अकरा वर्षांत या संघाने इनडोअर सॉकरची दहा विजेतेपदं मिळवली. मधलं एकच, १९८७चं, डॅलसकडे गेलं. आपल्या बेसबॉलच्या पॅड्रेजना वर्ल्ड सिरीज अजून जिंकता आलेली नाही, आणि अमेरिकन फुटबॉलचे चार्जर्स तर शहरच सोडून गेले. या गावाला जिंकायची सवय लावली ती सॉकर्सनी, प्रशिक्षक रॉन न्यूमन यांच्या हाताखाली.

मी १९८५ साली सांगलीहून इथे आलो. त्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एकाने जास्तीचं तिकीट हातात ठेवलं. आइस हॉकीच्या रिंकएवढं मैदान, त्यावर कृत्रिम हिरवळ, चहूबाजूंनी फळ्या, फळ्यांवर काच. गोलकीपर धरून सहा-सहा जण. चेंडू फळीवर दाणकन आपटून आत वळला आणि मला एकदम घरचा कॅरम आठवला. समोरून सोंगटी जात नसेल तर कडेवर मारून काढायची, तसंच हे! पाच मिनिटांत खेळ कळला. परक्या देशात पाच मिनिटांत कळलेली ती माझी पहिलीच गोष्ट.

त्या रात्री काझिमियेश देयना खेळत होता. सगळे धावत होते, तो मात्र जवळजवळ चालत होता. मान वर, चेंडूकडे नजरही नाही. फळीशी चेंडू आला, त्याने तो क्षणभर पायाखाली दाबून धरला, दोघं अंगावर आले, आणि चेंडू त्या दोघांच्या मधून भलत्याच माणसाकडे पोचला. शेजारच्या पोलिश आजोबांनी डोळे पुसले. १९७२च्या ऑलिंपिकमधलं पोलंडचं सुवर्णपदक आणि त्यात त्याचे नऊ गोल, १९७४च्या विश्वचषकात पोलंडला तिसरं स्थान मिळालं तेव्हाचा हा कर्णधार. हे सगळं मला त्यांनीच मध्यंतरात सांगितलं. १ सप्टेंबर १९८९ला इथल्याच महामार्गावर अपघातात देयना गेला. वॉर्सॉने २०१२ मध्ये त्याच्या अस्थी नेऊन मानाने दफन केल्या, लेगिया क्लबच्या स्टेडियमबाहेर पुतळा उभारला.

तो एकटा नव्हता. स्प्लिटहून आलेला स्टीव्ह झुंगुल, इनडोअरचा अनभिषिक्त राजा. बुडापेस्टचा जुली वी. बेलफास्टचा ब्रायन क्विन. मोझांबिकमध्ये जन्मलेला गोलकीपर व्हिक्टर नोगेरा. इराकचा वाद हिरमेझ. आणि त्यांच्या बरोबरीने आपल्याच सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातला केव्हिन क्रो, बचावाची भिंत. मी नवा होतो, इंग्रजी अडखळत बोलायचो. आणि सोळा-सोळा गावांतून आलेल्या माणसांसाठी अख्खं अरीना उभं राहून ओरडायचं. हे शहर आपलंही होऊ शकतं, असं मला तिथे वाटलं.

म्हणून मागतो आहे. नव्या अरीनाच्या मुख्य दाराशी एक भिंत सॉकर्सची असू द्या. नुसती वर्षं आणि करंडक नकोत. प्रत्येक खेळाडूचं नाव आणि तो कुठल्या गावाहून आला, हे लिहा. जे हयात आहेत त्यांच्या आठवणी आत्ताच ध्वनिमुद्रित करून घ्या. न्यूमन २०१८ मध्ये गेले, आणखी वाट पाहू नका. २००९ मध्ये नव्याने उभा राहिलेला संघ आज ओशनसाइडला खेळतो. त्या मुलांनाही या कामात बोलवा.

माझ्याकडे त्या पहिल्या सामन्याच्या तिकिटाचा अर्धा तुकडा आहे. शाई उडाली आहे, पण रांग आणि आसन क्रमांक वाचता येतो. भिंतीसाठी हवा असेल तर मी स्वतः आणून देईन.

आपला,
सॉकर्सचा एक जुना प्रेक्षक