तिसऱ्या मजल्यापर्यंत किती इंच?

मिनिएचर वॉरगेम म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बुद्धिबळच, पण घरं नसलेलं. साधारण सहा बाय चार फुटांचं टेबल, त्यावर टेकड्या, पडक्या इमारती, पूल आणि बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक. घरं नाहीत म्हणून सगळं टेपने मोजायचं. सैनिक सहा इंच चालतो, बाण चोवीस इंच जातो वगैरे. आणि जिथे टेप आली तिथे भांडण आलं. (शेताच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या गावचा मी, मला हे नवीन नाही.)

सगळ्यात जास्त भांडणं उंचीवरून होतात. एक धनुर्धारी पडक्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, टेबलापासून ९ इंच वर. खाली रस्त्यावर शत्रू, टेबलावर आडवं मोजलं तर २३ इंचांवर. धनुष्याचा पल्ला २४. आडवं मोजलं तर शत्रू मेला. टेप तिरकी धरली तर पायथागोरसच्या कृपेने अंतर २४.७ येतं, म्हणजे शत्रू वाचला. आणि भिंतीवरून उतरून चालत गेल्यासारखं मोजलं तर ३२. एकाच प्रश्नाला तीन उत्तरं, आणि तिन्ही उत्तरांचे कट्टर समर्थक टेबलाभोवती उभे.

बहुतेक जण तिरक्या टेपच्या बाजूचे असतात. जग त्रिमितीय आहे, मग अंतरही त्रिमितीय हवं. ऐकायला एकदम बरोबर. मला मात्र हे साफ चूक वाटतं, आणि त्याचं कारण एककांमध्ये आहे.

गणित करून बघा. साधारण २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे अंदाजे १:६० चं मॉडेल. त्या प्रमाणात २४ इंच म्हणजे फक्त १२० फूट! आमच्या बुलढाण्याकडे ज्वारी राखणारं पोरगं गोफणीने याहून लांब दगड भिरकावतं. आणि काही खेळांत हा बंदुकीचा पल्ला असतो. अर्थात खेळ बनवणाऱ्यांना हे कळतं. टेबलावर मावावं म्हणून त्यांनी जमीन आवळलेली असते. बंदुकीचा पल्ला ३०० मीटर धरला तर जमिनीचं प्रमाण १:५०० च्या आसपास जातं. इमारत मात्र सैनिकाच्या मापाने बांधलेली, १:६०. म्हणजे आडवे २३ इंच एका प्रमाणातले आणि उभे ९ इंच दुसऱ्याच प्रमाणातले. दोघांचे वर्ग करून बेरीज करणं म्हणजे रुपये आणि डॉलर कन्व्हर्ट न करता बेरजेत टाकणं. कोड रिव्ह्यूमध्ये कोणी असं केलं तर आपण सोडू का? जमिनीच्या प्रमाणात ते ९ इंच पावणेचारशे फूट होतात. तिसरा मजला, पावणेचारशे फुटांवर!

दिवाळीतल्या किल्ल्यात हेच असतं, मावळा बुरुजाएवढा आणि महाराज दरवाज्यातून आत जाणार नाहीत एवढे मोठे. पण तिथे कोणी टेप लावत नाही, म्हणून चालून जातं.

बरं, खऱ्या जगात उंचीने अंतर किती वाढतं? आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. बुलढाणा शहर वर बालाघाटावर, मलकापूर खाली पायनघाटात, मध्ये राजूरचा घाट. वीसास एक असा चढ असेल तर एक किलोमीटरला सव्वा मीटर वाढतो, बस्स. घाटात अंतर वाढतं ते वळणांमुळे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल. तिथे काठावरून ३० अंशांच्या उताराने तळापर्यंत सरळ ३०० मीटर उतरलात असं समजा, तर नकाशावर ते २६० भरतील. एवढा तीव्र उतार, उतरताना गुडघे बोलायला लागतात, आणि फरक ४० मीटर. जमिनीची मोजणीही म्हणूनच आडवी होते. उतारावर साखळी जमिनीला टेकवत नाहीत, टप्प्याटप्प्याने आडवी ताणतात. तेहतीस फुटांचा चौरस गुंठा टेकडीवरही आडवाच गुंठा.

आणि नेमबाजीत तर आडवं अंतरच महत्त्वाचं. उतारावर गोळी किती खाली पडेल हे ढोबळमानाने आडव्या अंतरावर ठरतं. ३० अंशांच्या कोनात ४०० मीटरवर लक्ष्य असेल तर नेम साधारण ३४६ मीटरचा धरतात. कोन बघून हे आपोआप कमी करून दाखवणारे रेंजफाइंडर बाजारात मिळतात.

१८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यासाठी राइसविट्झने क्रीगस्पील आणला, तो १:८००० च्या नकाशावर. नकाशावर वेगळं काही शक्यच नाही, अंतर आडवंच. उंचीचा हिशेब वेगळा होता: चढावर हालचाल मंदावते, टेकडीआडचं दिसत नाही. उंची अंतरात मिसळायची भानगड सुरू झाली ती टेबलावर खरोखरचे मजले उभे राहिल्यावर. 'वॉरहॅमर ४०,०००' च्या २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत तुकडीतल्या सैनिकांनी एकमेकांपासून २ इंच आडवे आणि ५ इंच उभे यांच्या आत राहायचं असा नियम होता. दोन अक्ष, दोन वेगळे आकडे. म्हणजे मुद्दा त्यांनाही पटलाय! पण गोळीचं अंतर त्याच पुस्तकात तिरकंच राहिलं. का ते त्यांनाच ठाऊक.

माझं म्हणणं असं: नेमबाजी आडवी मोजा, आणि उंचीचा फायदा दृष्टीत द्या. वरच्याला आडोशामागचं दिसू दे. चढण्याची किंमत वेगळी लावा, मजल्याला अमुक इंच, ठरवून टाका आणि मोकळे व्हा. उभं मोजायला टेप पडक्या भिंतीत घुसवून तीन सैनिक पाडणं थांबेल हा बोनस.

यावर एक हरकत मात्र खरी आहे. बरोबर डोक्यावरच्या मजल्यावर शत्रू असेल तर आडवं अंतर शून्य. मग स्लॅबमधून तलवार चालवायची का? नाही. हातघाईला दोघं एकाच मजल्यावर हवेत, किंवा मध्ये जिना हवा. आणि उडणाऱ्या ड्रॅगनबद्दल मला विचारू नका. तो कुठल्या उंचीवर आहे हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही, कारण तो प्लॅस्टिकच्या काडीवर उभा असतो.

साधन म्हणाल तर आम्ही गवंड्याचा ओळंबा वापरतो. म्हणजे दोऱ्याला बांधलेला नट. वरच्या सैनिकाच्या पायापासून खाली सोडायचा, टेबलावर जिथे टेकेल तिथून टेप लावायची. दहा सेकंदांचं काम. मागच्या शनिवारी त्यावरही वाद झालाच, की दोरा पायापासून सोडायचा की धनुष्यापासून.