धास्ती नव्हे, ध्यास



‘पन्नाशीनंतरचं लग्न म्हणजे सोय, तेव्हाची श्रद्धा म्हणजे मरणाची धास्ती’ हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचं म्हणणं अन्यायाचं आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचंच पाहा. पत्नी रमाबाई १९३५ मध्ये गेल्या. पुढे मधुमेहाच्या उपचारांत डॉ. शारदा कबीर यांच्याशी स्नेह जुळला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी, सत्तावन्न वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, दिल्लीत लग्न झालं. सोय होतीच, नाकारायची कशाला? पण पथ्यपाण्यातही जीव लावावा लागतो.

आणि धास्ती? येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ची, बौद्ध धम्माची दीक्षा १९५६ची. भ्यालेला माणूस एकवीस वर्षं अभ्यास करत थांबत नाही.

त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात पती-पत्नी दोघं शुभ्र वस्त्रांत शेजारी उभे राहिले. महास्थविर चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं. मग जनसागराकडे वळून बाबासाहेबांनी स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या.

– एक वाचक