मुळशीचे दप्तर आणि उल्लेखांची फेरिस्त

१९२१ साली, एप्रिलच्या १६ तारखेस, रामनवमीच्या दिवशी, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ चाललेले टाटा कंपनीच्या धरणाचे काम थांबविण्यासाठी मावळे जमले, आणि ज्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी मिळवून दिली तो लढा पुढे १९२४ पर्यंत चालला. जगातील आरंभीच्या धरणविरोधी चळवळींत आज मुळशीचे नाव घेतले जाते. परंतु ते नाव जगापर्यंत ज्या वाटेने पोहोचले तिची नोंद विद्वत्तेच्या अधिकृत हिशेबात सापडत नाही. याच मुळशी तालुक्यात, लवळ्याच्या टेकड्यांवर, सिंबायोसिस आणि फ्लेम अशी दोन विद्यापीठे नांदत असताना तरी या गोष्टीचा विचार व्हावयास हवा.

ती वाट अशी. ‘केसरी’च्या त्या वर्षांच्या अंकांतील वृत्ते, जमीन संपादनाचे सरकारी कागद आणि सत्याग्रहींच्या आठवणी हा तिचा उगम होय. त्यानंतर चळवळीतील एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांनी लिहिलेला इतिहास येतो. त्यानंतर पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांचे मराठी लेखन. आणि शेवटी त्यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ, ज्याच्या नावातच मुळशीला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. परदेशी नियतकालिकांतून आता जे उल्लेख होतात ते मुख्यत्वे या अखेरच्या दुव्याचे. त्याआधीचे सारे दुवे मराठीत आहेत, आणि म्हणूनच ते बेहिशेबी राहिले आहेत.

असे का घडते हे समजण्यासाठी उल्लेखसूचीची रीत पाहावी लागेल. वकिलीच्या धंद्यात ही रीत जुनी आहे. अमेरिकेत शेपर्ड यांच्या सूचीवरून एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणत्या निकालांत घेतला गेला वा अव्हेरला गेला हे १८७३ पासून पाहता येत असे. तीच युक्ती यूजीन गारफील्ड यांनी शास्त्रीय वाङ्मयास लावली आणि १९६४ च्या सुमारास ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सिद्ध झाला. लेखाच्या शेवटी असलेली संदर्भांची यादी उलटी फिरवावयाची, म्हणजे या लेखाने कोणास आधारले याऐवजी या लेखास पुढे कोणी आधारले हे कळते. कल्पना एवढीच, पण तिचे सामर्थ्य मोठे. मात्र सूचीकार आधी काही नियतकालिके निवडतो आणि केवळ त्यांतल्याच याद्या वाचतो. निवडीबाहेरचा ग्रंथ एखाद्या यादीत आला, तरी तो तेथेच थबकतो. त्याने स्वतः कोणाचा आधार घेतला हे कोणी विचारीत नाही. रोमन लिपीत भुस्कुटे यांचे नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिले गेले की एका ग्रंथाचे दोन-तीन परके ग्रंथ होतात, ते निराळेच.

ही केवळ अभ्यासकाची गैरसोय असती तर वृत्तपत्रात तिची कैफियत मांडण्याचे कारण नव्हते. परंतु केंद्र सरकार विद्यापीठांची जी क्रमवारी लावते, तीत संशोधनाचे माप स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या परदेशी सूच्यांवरून घेतले जाते. मुळशीच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले शंकरराव देव ज्याच्या स्थापनेशी निगडित होते, त्या वाईच्या ‘नवभारत’ मासिकात कोणी मुळशीच्या विस्थापितांवर दहा वर्षांच्या परिश्रमाचा निबंध लिहिला, तर त्याचे वजन या तराजूत शून्य भरेल. अशा व्यवस्थेत तरुण प्राध्यापकाने मराठीत लिहावे अशी अपेक्षा करणे हा त्याच्या चरितार्थाशी केलेला खेळ आहे.

अंकीय ग्रंथालयांनी हे न्यून भरून निघेल असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि अंशतः ते भरलेही आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने अहवाल घरबसल्या वाचावयास दिले, गांधीनगरच्या ‘शोधगंगे’त देशभरचे प्रबंध जमा होतात. पण कागदाचे छायाचित्र म्हणजे शोधता येणारा मजकूर नव्हे, आणि श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत टाइप केलेल्या प्रबंधात ‘मुळशी’ हा शब्द पडद्यावर स्वच्छ दिसत असूनही शोधयंत्राला तेथे निरर्थक रोमन अक्षरांचा गुंता दिसतो. प्रबंध आहे, आणि नाहीही!

वास्तविक सूचीच्या कामात आपण मागासलेले नव्हतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची वर्गीकृत सूची सिद्ध केली, आणि त्यांच्या पश्चात दाते सूचि मंडळाने नियतकालिकांचीही सूची केली. यंत्र नाही, पुरेसे द्रव्य नाही, अशा काळात हे झाले. आज द्रव्याची सबब सांगता येणार नाही. परदेशी नियतकालिकांच्या वर्गणीसाठी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेखाली केंद्राने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत. ती योजना चांगलीच आहे, तालुक्याच्या गावच्या सरकारी महाविद्यालयालाही तिचा लाभ होतो. परंतु त्या रकमेचा केवळ सहस्रांश, म्हणजे सहा कोटी, राज्याने आपल्या तिजोरीतून काढून मराठीच्या उल्लेखसूचीसाठी दिला, आणि रिद्धपूरच्या नव्या मराठी भाषा विद्यापीठाकडे ते काम सोपविले, तर मराठीला मिळालेल्या अभिजात भाषेच्या दर्जाला काही प्रत्यक्ष अर्थ येईल.

यात एक अडचण मात्र सरकारची नसून आपली आहे. राजवाडे किंवा ग. ह. खरे यांच्या परंपरेतले इतिहाससंशोधक सोडले तर मराठी लेखकाला तळटीप देणे हे शाळकरीपणाचे वाटते, संपादकाला ती जागेचा अपव्यय वाटते, आणि प्रकाशक ती पहिल्या झटक्यात गाळतो. मग उलटी फिरवावयास यादीच उरत नाही. तेव्हा राज्य सरकारचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक वैचारिक नियतकालिकाने लेखाखाली संदर्भ द्यावेत, ते देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत ठरीव पद्धतीने द्यावेत, आणि मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा, एवढी अट अनुदानाच्या हुकमातच घालण्यास कोणताही खर्च येत नाही.