जनुके म्हणजे जन्मपत्रिका नव्हे

सोयरीक जुळवताना आपल्याकडे एक चौकशी हमखास होते : "घराण्यात कुणी वेडसर नाही ना?" आमच्या अजिंठ्याच्या परिसरातही तेच. उद्या या प्रश्नाऐवजी "जनुकांची तपासणी करून आणा" अशी मागणी आली तर? ती शास्त्रीय वाटेल. पण माझ्या मते ती अशास्त्रीय ठरेल. कशी, ते पाहू.

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा विकार शंभरातील सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी होतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर मुलांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते. आनुवंशिकता आहे, हे खरेच. पण याच आकड्याची दुसरी बाजू वाचा : नव्वदांना तो होत नाही! एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. तरीही एकाला हा विकार असता, दुसऱ्याला तो निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. एकाच पिशवीतील सरकी दोन शेतांत पेरली, तर पीक सारखेच येते काय?

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ७७ हजार रुग्णांच्या अभ्यासात या विकाराशी निगडित २८७ जागा जनुकसंचात आढळल्या. त्यांतील एकेकीचा वाटा अगदी अल्प. तेव्हा "हा मुलगा आजारी पडणारच" असे चाचणीवरून कोणीही सांगू शकत नाही.

हंटिंग्टनच्या आजाराची गोष्ट निराळी. मेंदूच्या या आजाराला एकच जनुक कारणीभूत असते. ते १९९३ साली सापडले. तेथे चाचणीचे उत्तर बरेच निश्चित असते, परंतु रोग बरा करणारा उपाय नाही. चाचणी येण्यापूर्वी धोका असलेल्या बहुतेकांनी 'आम्ही ती करून घेऊ' असे सांगितले होते. प्रत्यक्षात बहुतेक देशांत पाचांपैकी एकानेही ती करून घेतली नाही. ते भित्रे होते काय? मुळीच नाही. उत्तर कळल्यावर जगायचे ज्याचे त्याला असते.

मग करावे काय? आजार लपवू नये. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातील असाच आजार न लपवता पुण्यात रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी संस्था उभारली. लवकर उपचार झाले, तर पुष्कळ रुग्ण चांगले सावरतात. '१४४१६' या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाही मिळतो.

विद्यार्थी मित्रांनो, आजारी काका किंवा आई घरी असलेली एखादी मैत्रीण तुमच्याही वर्गात असेल. चाचणी करायची की नाही, हे सज्ञान झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, तिचे तिने ठरवावे. सोयऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी ती मागू नये.