‘पुढे’ आणि ‘असूनही’

वांद्रे (पूर्व) येथील कलानगर आणि साहित्य सहवास या दोन वसाहतींत मराठीतील दोन समवयस्क व्यंगचित्रकार दीर्घकाळ राहिले : बाळ ठाकरे (१९२६–२०१२) आणि वसंत सरवटे (१९२७–२०१६). दोघांच्या जडणघडणीविषयी जे लेखन झाले आहे, त्यात दोन शब्द निर्णायक ठरतात. ठाकरे ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रे काढत, ‘पुढे’ त्यांनी शिवसेना स्थापन केली. सरवटे सिमेंट कंपनीत अभियंता ‘असूनही’ उत्तम चित्रे काढत. पहिल्या शब्दाने चित्र राजकारणाची प्रस्तावना ठरते, दुसऱ्याने ते फावल्या वेळचा छंद होऊन बसते. परिणाम मात्र एकच : रेषेकडे पाहण्याची जबाबदारी समीक्षेला टाळता येते.

ठाकरे यांच्या पूर्वायुष्यातील प्रश्न मुळात शैलीमीमांसेचा आहे. १९६० साली ‘मार्मिक’ सुरू होईपर्यंत ते इंग्रजी दैनिकाचे चित्रकार होते, आणि डेव्हिड लो यांचे ऋण ते मोकळेपणाने मान्य करीत. इंग्रजी वाचकासमोर घडलेली ही रेषा मराठी साप्ताहिकात आली तेव्हा तिच्यात काय बदलले? केवळ मथळ्याची भाषा बदलली, की मानवी देहाच्या विरूपणाची रीतही बदलली? समर्थकांना या चित्रांत भावी नेत्याची चाहूल हवी असते, विरोधकांना भावी अपराधाचा पुरावा. दोघेही १९६६ या सालाकडून मागे पाहत येतात; म्हणून दोघांनाही चित्र दिसत नाही.

सरवटे यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा अधिक सभ्य आहे, आणि म्हणूनच अधिक लज्जास्पद. कोल्हापुरातील जन्म, स्थापत्यशास्त्राचे शिक्षण, ‘एसीसी’तील नोकरी हा तपशील प्रत्येक गौरवलेखात येतो. इमारतीचा आराखडा आखणाऱ्या हाताला रिकामी जागा, भार आणि तोल यांची जी जाण असते, तिचा त्या चित्रांच्या मांडणीशी काही संबंध आहे का, एवढे विचारण्याचे कष्टही ‘असूनही’ने वाचवले आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतील त्यांच्या चित्रांना तर ‘सजावट’ हा एक शब्द पुरेसा मानला गेला.

सजावट काढून घेतली तरी वस्तू तीच राहते. ही कसोटी जयवंत दळवी यांनी ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहिलेल्या सदराला लावून पाहावी. दळवी टोपणनावाआड होते. वाचकासमोर जो लेखक उभा राहिला, तो सरवटे यांनी रेखाटलेला हातोडाधारी ठणठणपाळ होता. संहितेतून सूचित होणाऱ्या लेखकाविषयी चर्चासत्रांत तावातावाने बोलणाऱ्या मराठी समीक्षेला, असा लेखक रेषेने घडवल्याचे इतके ठसठशीत उदाहरण दिसू नये, हे आश्चर्य आहे. रोलाँ बार्त यांनी १९६४ मधील प्रतिमाविषयक निबंधात शब्द-चित्रसंबंधाचे दोन प्रकार सांगितले : एकात शब्द चित्राचा अर्थ आवळून धरतात, तर दुसऱ्यात दोघे मिळून अर्थ पुढे नेतात. दुसऱ्यासाठी त्यांनी व्यंगचित्रे आणि चित्रमालिका यांचाच दाखला दिला. आपण बार्त आणले, पण हा भाग मात्र वेशीबाहेर ठेवला.

यावर ठरलेला आक्षेप असा की, पुस्तकातील चित्र आधी लिहिलेल्या मजकुराच्या मागून येते. म्हणून ते दुय्यम. हा न्याय मान्य केला तर ‘ज्ञानेश्वरी’चे काय करायचे? तीही गीतेच्या मागूनच आली. मूळ ग्रंथाचा हात धरून स्वतंत्र निर्मिती करण्याची वाट ज्या भाषेत सातशे वर्षांपूर्वी मळली, त्या भाषेच्या समीक्षकांनी अनुगामित्वाला दुय्यमत्व समजावे, हा विस्मरणाचा नमुना आहे. अमेरिकेत गिल्बर्ट सेल्डेस यांनी १९२४ सालीच जॉर्ज हेरिमन यांच्या ‘क्रेझी कॅट’ या वृत्तपत्रीय चित्रमालिकेवर स्वतंत्र प्रकरण लिहून तिला समकालीन कलेत अग्रस्थान दिले होते. त्यासाठी त्यांना हेरिमन यांच्या चरित्रातील विसंगतीचे कौतुक करत बसावे लागले नाही. त्यांनी मालिका वाचली.

मराठीत हे काम अखेर सरवटे यांनाच करावे लागले. ‘परकी चलन’ आणि ‘व्यंगकला-चित्रकला’ ही पुस्तके त्यांनी लिहिली. कवीला स्वतःच काव्यशास्त्र लिहावे लागले असते, तर विद्यापीठांतील मराठी विभागांनी ती आपली नामुष्की मानली असती. चित्रकाराच्या बाबतीत तिला ‘बहुमुखी प्रतिभा’ म्हटले जाते.

हा वाद मानापमानाचा नाही, संहितेचा आहे. अनुस्वाराच्या पाठभेदावर टिपण लिहिणारा संशोधक नव्या आवृत्तीतून चित्रे गळली, तर संहिता अखंड आहे असाच निर्वाळा देईल. ज्या दिवशी तो तसा निर्वाळा देताना अडखळेल, त्या दिवशी साहित्य सहवासातील या शेजाऱ्याला मराठी साहित्याने घरात घेतले, असे म्हणता येईल.