थॅलेसेमियाचे मूल आणि लोहाची गोळी

मूल फिकट दिसले, अंगाने खुरटले, की गोमंतकात घरीदारी एकच निदान होते: आई नीट खाऊ घालीत नाही. मग गूळ, खजूर, कलेजी आणि औषधाच्या दुकानातील लोहाचे टॉनिक यांचा मारा सुरू होतो. आपल्याकडील पंडुरोग पुष्कळदा लोहाच्या उणिवेचाच असल्याने हा उपचार बहुतेकांना मानवतो. परंतु आईवडील दोघांकडून सदोष जनुक वारशाने आलेल्या थॅलेसेमियाच्या मुलास तोच अपायकारक ठरतो, हे आम्हांस स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

या मुलाच्या अंगात लोह कमी नसते. हिमोग्लोबिन घडण्याची क्रियाच अपुरी असते. दर दोन ते चार आठवड्यांनी त्यास रक्त द्यावे लागते आणि एका पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. ते यकृतात व हृदयात साचते, तसेच वाढीची सूत्रे हलविणाऱ्या पीयूष ग्रंथीतही साचते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आठ-नऊचा दिसतो, वयात येणे लांबते, ते पुष्कळ अंशी यामुळे. रक्त वेळेवर न मिळाल्यासही वाढ खुंटतेच. यात आईच्या स्वयंपाकाचा दोष कोठे?

उलटपक्षी, लोहाच्या धास्तीने पालेभाजी, मासळी सारेच वर्ज्य करणारी घरेही आहेत. हे सोवळे मुलास उपाशी ठेवते. रक्त आणि लोह उतरविणारे औषध नियमित मिळत असेल तर नेहमीचे घरचे जेवण त्यास हवेच. टाळावयाची ती कलेजी, लोहमिश्रित पेये व टॉनिके. दूध आणि नाचणीची आंबील हाडांच्या कामी येते. जस्त व ड जीवनसत्त्व यांची उणीव या मुलांत वारंवार आढळते. ती तपासून वैद्यकीय सल्ल्यानेच भरून काढावी.

२०१८ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात शाळकरी मुलांसाठी आठवड्याची लोहाची गोळी ठरलेली आहे. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांना ती देऊ नये, अशी सूचनाही त्यातच आहे. ती वर्गशिक्षकापर्यंत पोहोचली आहे काय? पालक संकोचाने आजार लपवितात, शिक्षक हजेरीपट पाहून गोळ्या वाटतात. शिक्षण खात्याने प्रवेशाच्या वेळीच याची गोपनीय नोंद घ्यावी. रुग्णालयांनीही रक्त चढविण्याच्या दिवशी उंची व वजन लिहून ठेवावे आणि सहा महिन्यांत वाढ अडल्याचे दिसताच मुलास आहारतज्ज्ञ व ग्रंथितज्ज्ञ यांच्याकडे धाडावे.