गोल्फचा ठेका : एक ते पाच

गोल्फ शिकू लागलेल्या बहुतेकांची एक तक्रार असते. सरावाच्या वेळी चेंडू सरळ जातो. पण पहिल्या टीवर चार माणसे पाहत उभी राहिली, की तोच चेंडू झाडीत! क्लब तोच, पकड तीच, मग बिघडते काय? बहुधा ठेका. मनावर ताण आला, की हात घाई करतात.

आपल्याकडे बरेच जण क्रिकेटकडून गोल्फकडे वळतात, त्यांना तर हे फार जाणवते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा चेंडूच तुम्हाला वेळ सांगतो. इथे चेंडू निवांत पडून असतो. ठेका आपला आपणच धरायचा.

ठेका म्हणजे संथपणा नव्हे. १९९४ साली एर्नी एल्सने अमेरिकन ओपन जिंकली, तर निक प्राइसने ब्रिटिश ओपन आणि पीजीए या दोन्ही स्पर्धा. एल्सचा स्विंग ऐसपैस, आरामशीर दिसे, प्राइसचा झटपट. पण दोघांचाही ठेका पक्का. लय विलंबित असो वा द्रुत, तबलजीची सम चुकत नाही, तसेच हे.

अमेरिकेच्या जॉन नोव्होसेल यांनी नामवंत खेळाडूंच्या चित्रफिती एकेक चौकट थांबवून मोजल्या आणि २००४ साली त्यावर पुस्तक लिहिले. सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर क्लब मागे वर नेण्यास २७ आणि तिथून चेंडूपर्यंत येण्यास ९. कुणाचे २४ आणि ८, कुणाचे २१ आणि ७. प्रमाण मात्र ३ ला १. सारा खेळ सव्वा सेकंदाच्या आत! हौशी खेळाडू 'सावकाश मागे न्या' हा सल्ला ऐकून क्लब रेंगाळत नेतात आणि वरून एकदम हिसका देतात. प्रमाण तिथेच मोडते.

आता सराव. मनात सारख्या अंतराने एक ते पाच मोजा. 'एक'ला क्लब हलवा, 'चार'ला तो वर पोहोचावा, 'पाच'ला चेंडूवर यावा. घरी संगीताचा मेट्रोनोम असेल, तर तो मिनिटाला २०० ठोक्यांवर लावा. २७ आणि ९ चा हिशेब नेमका तोच.

पहिला आठवडा चेंडूच ठेवू नका. अंगणात किंवा गच्चीवर रोज वीस-पंचवीस स्विंग पुरेत. आसपास मुले नाहीत ना, एवढे मात्र पाहा. मग सात नंबरचे आयर्न घेऊन, पाय जुळवून, अर्धेच स्विंग करा. जोर लावाल तर तोल जाईल, म्हणजे चूक कुणी सांगायला नको. तोल टिकू लागला, की पाय फाकवून पूर्ण स्विंग. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, आणि मोजणी तीच. चेंडू कुठे गेला हे सुरुवातीला पाहूच नका. 'पाच' चेंडूवर पडला का, एवढेच विचारा.

पाठीचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हिसक्याने कमरेवर ताण पडतो.

आणि स्पर्धेच्या दिवशी? टीवर चेंडूशी उभे राहण्याआधी एक रिकामा स्विंग मोजून करा. पाहणारे पाहोत. तुम्ही 'एक' म्हणा आणि सुरू करा.